जालना रोडवर दर सहा मिनिटांनी शहर बस शक्य आहे का?

थांब्यावरचा

छत्रपती संभाजीनगरच्या जालना रोडविषयी बोलणे निघाले की ते दोन-तीन वाक्यांत उड्डाणपुलावर जाऊन पोहोचते. महावीर चौक, क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स आणि सिडको चौक अशा पाच ठिकाणी पूल उभे राहिले; शेंद्र्यापासून वाळूजपर्यंत अखंड पूल आणि मेट्रो यांच्या चर्चाही वर्तमानपत्रांत अधूनमधून होत असतात. ते व्हायचे तेव्हा होईल. मुकुंदवाडीहून क्रांती चौकात किंवा सिडकोहून महावीर चौकात (म्हणजे बाबा पेट्रोल पंपावर, नवे नाव सांगितले तर रिक्षावाला अजूनही एकदा वळून पाहतो) रोज जाणाऱ्या आणि स्वतःचे वाहन नसलेल्या माणसासाठी, आहे त्याच रस्त्यावर, येत्या वर्षभरात काय करता येईल, एवढ्यापुरताच हा ऑनलाइन चर्चेचा धागा आहे.

बस कमी आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, पण किती कमी आहेत ते एकदा पाहू. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने 2009 मध्ये शहरी वाहतुकीची सेवा-मानके ठरवून दिली. त्यांत दर हजार लोकसंख्येमागे 0.6 किंवा त्याहून अधिक बस असतील तर सेवा पहिल्या प्रतीची आणि 0.2 पेक्षा कमी असतील तर चौथ्या, म्हणजे सर्वांत खालच्या प्रतीची मानली जाते. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या 11,75,116 होती. त्या जुन्या आकड्यावरही पहिल्या प्रतीसाठी सुमारे 705 बस लागतात आणि चौथ्या प्रतीतून नुसते बाहेर पडायला 235. आपल्याकडे 2019 च्या जानेवारीत शहर बस नव्याने सुरू झाली ती शंभर बसच्या योजनेवर. त्या शंभरही बस रोज रस्त्यावर आल्या, एकही दुरुस्तीसाठी आगारात उभी राहिली नाही, असे धरले तरी आपण हजारी 0.085 वर राहतो.

आता या शंभर बस, समजा, वीस मार्गांवर सारख्या वाटल्या. प्रत्येक मार्गाला पाच आल्या. नकाशा भरलेला दिसतो, प्रत्येक प्रभागातून एक रेघ जाते, कोणाची तक्रार राहत नाही. फक्त थांब्यावरच्या माणसाला बस दिसत नाही. जालना रोडसारखा बारा किलोमीटरचा मार्ग असेल आणि पाच बस असतील, तर दोन बसमध्ये बावीस मिनिटांचे अंतर पडते. बावीस मिनिटांत सिडकोहून क्रांती चौकात रिक्षाने पोहोचून चहाही होतो.

माझा प्रस्ताव उलट दिशेचा आहे. जालना रोडवर महावीर चौक ते केंब्रिज चौक असा एकच सरळ मार्ग असावा, त्याला फाटे नसावेत, मधेच वळून कोठल्या वसाहतीत शिरणे नसावे, आणि त्यावर दर सहा मिनिटांनी बस असावी. हिशेब असा: अंतर ढोबळमानाने बारा किलोमीटर धरू, थांबे आणि सिग्नल धरून वेग ताशी पंधरा किलोमीटर धरू. एका बाजूला 48 मिनिटे, दोन्ही बाजूंना मिळून 96, आणि दोन्ही टोकांना चालक-वाहकांच्या विसाव्याची आठ-आठ मिनिटे, असे एकूण 112. दर सहा मिनिटांनी एक बस सोडायची तर 19 बस लागतात. म्हणजे शंभरातल्या एकोणीस.

सहाच मिनिटे का, तर बस वेळेच्या ठरावीक अंतराने येत असेल तर सरासरी वाट पाहणे त्या अंतराच्या निम्मे असते. सहाचे निम्मे तीन. वर सांगितलेल्या मानकांत सरासरी प्रतीक्षा चार मिनिटांपर्यंत असेल तर ती पहिल्या प्रतीची आणि दहापेक्षा अधिक असेल तर चौथ्या प्रतीची धरली आहे. बसच्या संख्येत चौथ्या प्रतीत असलेले शहर निदान एका रस्त्यावर तरी प्रतीक्षेच्या बाबतीत पहिल्या प्रतीत येऊ शकते, ही गोष्ट मला पुष्कळ महत्त्वाची वाटते. अशा रस्त्यावर वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. माणूस घरातून निघतो आणि थांब्यावर येतो, एवढेच.

हिशेबात चूक असेल तर अवश्य दाखवावी.

कोर्टाची पायरी

मी इथल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठात एका वकिलांकडे कारकून आहे. आमच्या खंडपीठाकडे मराठवाड्यातल्या जिल्ह्यांबरोबर नगर, जळगाव, धुळे आणि नंदुरबारची प्रकरणे येतात, त्यामुळे रोज सकाळी मध्यवर्ती बसस्थानकावर आणि सिडको बसस्थानकावर शहराची काहीही माहिती नसलेले पक्षकार एसटीतून उतरतात. त्यांपैकी बहुतेक जण हातात कागदांची पिशवी धरून पहिल्यांदा दिसेल त्या रिक्षावाल्याला विचारतात. शहर बसचा थांबा समोर असला तरी ते बसमध्ये चढत नाहीत, कारण फलकावर क्रमांक असतो आणि शेवटचे गाव असते, मधल्या कोर्टाचा उल्लेख नसतो. ‘चिकलठाणा’ हे नाव वाचून बीडच्या शेतकऱ्याला वाटेत हायकोर्ट लागते हे कसे कळावे?

म्हणून तुमच्या प्रस्तावाला एक जोड सुचवतो. बसच्या पुढच्या काचेवर आणि दाराच्या बाजूला मोठ्या अक्षरांत फक्त ‘जालना रोड’ लिहावे आणि खाली क्रांती चौक, मोंढा, हायकोर्ट, सिडको, मुकुंदवाडी, विमानतळ अशी ओळीने नावे द्यावीत. बसचा रंगही इतर मार्गांहून निराळा ठेवता आला तर उत्तम. गावाकडून आलेला माणूस रंग लक्षात ठेवतो, क्रमांक विसरतो.

निवृत्त कंट्रोलर

एसटीत बत्तीस वर्षे काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. थांब्यावरचा यांचा हिशेब कागदावर बरोबर आहे, पण कागदावर सहा मिनिटांनी सुटलेली बस रस्त्यावर सहा मिनिटांनी राहत नाही, हे सांगणे माझे काम आहे.

असे होते की पहिली बस एखाद्या सिग्नलला अडकते. ती उशिरा पोहोचते म्हणून पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे जमलेली असतात. अधिक माणसे चढायला अधिक वेळ लागतो, म्हणून ती आणखी मागे पडते. तिच्यामागच्या बसला मात्र थांब्यावर कोणी उरत नाही, ती रिकामी धावते आणि मोंढ्यापर्यंत पुढचीला गाठते. मग दोन बस जोडीने येतात, पुढची खचाखच आणि मागची मोकळी, आणि त्यांच्याआधी बारा मिनिटे काहीच नाही. प्रवासी म्हणतो, “इतक्या वेळ एक बी नाही अन् आता दोन-दोन आल्या!” त्याला वाटते आम्ही मुद्दाम करतो. यात चालकाचा दोष फारसा नसतो. सेवा जितकी वारंवार तितका हा जोडीचा रोग अधिक, म्हणून सहा मिनिटांच्या मार्गावर तो हमखास होईल.

उपाय जुना आहे. मार्गाच्या मध्यावर, इथे सिडको चौकाजवळ, एक कंट्रोलर उभा करायचा आणि त्याला बस दोन-तीन मिनिटे रोखून धरण्याचा अधिकार द्यायचा. आता बसमध्ये जीपीएस असते, पडद्यावर सगळ्या गाड्या दिसतात, तेव्हा हे काम आमच्या काळापेक्षा सोपे झाले आहे. पण पडद्यासमोर बसलेल्या माणसाला ‘थांबव’ म्हणण्याचा अधिकार नसेल तर पडदा नुसता पाहण्यापुरता राहतो. आमच्या वेळी हातात वही आणि शिट्टी होती, पण अधिकार होता.

दुसरी गोष्ट पुलांची. वर पाच पूल मोजले आहेत, ते बससाठी नाहीत हे कोणी बोलत नाही. बसचा थांबा चौकात असतो आणि चौक पुलाखाली असतो. बस पुलावरून गेली तर क्रांती चौकाचा प्रवासी चुकतो, पुलाखालून गेली तर सिग्नलला उभी राहते. म्हणजे पुलाचा वेळ वाचला तो दुचाकी आणि मोटारींचा; बस आणि तिच्यातली माणसे जिथे होती तिथेच राहिली. उलट पुलाच्या चढ-उतारामुळे खालच्या बाजूच्या पट्ट्या अरुंद झाल्या आणि त्यांत रिक्षा, हातगाड्या आणि डावीकडे वळणारी सगळी वाहने एकत्र आली. खालच्या सिग्नलवर जालना रोडच्या सरळ दिशेला मिळणारा हिरवा वेळ पूल झाल्यावर सहसा कमी केला जातो, कारण ‘सरळ जाणारे वरून जातात’ असे धरलेले असते. बस सरळच जाते, पण खालून.

माझी सूचना अशी की पुलाखालच्या चौकात थांबा सिग्नलच्या अलीकडे नव्हे, पलीकडे असावा. अलीकडे असला तर बस प्रवासी घेते तोवर हिरवा दिवा जातो आणि मग ती पुन्हा लाल दिव्याला उभी राहते. एकाच चौकात दोनदा थांबणे होते. पलीकडे असला तर एकदाच.

जाता जाता: आपल्या भागात बसचा इतिहास मुंबई राज्याच्या एसटीहून जुना आहे. एसटीची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर 1 जून 1948 रोजी धावली. मराठवाडा तेव्हा निझामाच्या राज्यात होता आणि तिथे 15 जून 1932 पासूनच निझाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने 27 बसनिशी सेवा सुरू केलेली होती. रेल्वे आणि बस एकाच खात्याकडे होत्या. आज मुकुंदवाडी रेल्वे स्थानक जालना रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि गाडी व बस यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे पाहिले की ते जुने खाते आठवते.

तीनचाकी

मी सिडको ते महावीर चौक शेअर रिक्षा चालवतो. इथे रिक्षावाल्यांना शिव्या पडण्याआधीच लिहितो.

प्रवासी रिक्षात का बसतो, याचे उत्तर ‘बस नाही म्हणून’ इतके सोपे नाही. सकाळी नऊ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ या वेळांत त्याला थांबावे लागत नाही, हात केला की रिक्षा मिळते आणि चौकात नव्हे तर दुकानाच्या दारात उतरता येते. दुपारी मात्र चित्र बदलते. दुपारी दोन वाजता मी सिडको चौकात तीन प्रवासी होईपर्यंत उभा असतो, पहिला बसलेला माणूस घड्याळ पाहून वैतागतो आणि कधी कधी उतरून जातो. रामनगर किंवा हायकोर्टासमोर उभ्या असलेल्यांना तर गर्दीच्या वेळीही रिक्षा मिळत नाही, कारण आम्ही चौकातूनच भरून निघतो. तेव्हा बसने आमचे प्रवासी पळवायचे ठरवले तर तिने दुपारी आणि मधल्या थांब्यांवर पळवावे. तिथे आम्ही खरोखर कमी पडतो.

आमच्याकडे असलेला परवाना ठेका वाहनाचा असतो, टप्पा वाहनाचा नसतो. जागोजागी प्रवासी चढवणे-उतरवणे त्यात बसत नाही, हे मला माहीत आहे आणि ते चालते हे सगळ्यांना माहीत आहे. मला यातून वाट हवी आहे. जालना रोडवर बस खरोखर सहा मिनिटांनी येणार असेल तर आम्हाला आडव्या रस्त्यांवर अधिकृत शेअर मार्ग द्यावेत: आकाशवाणी ते त्रिमूर्ती चौक आणि जवाहर कॉलनी, सेव्हन हिल्स ते गजानन महाराज मंदिर आणि पुंडलिकनगर, सिडको चौक ते टीव्ही सेंटर. या आडव्या मार्गांचे अंतर कमी आहे, दिवसभर फेऱ्या होतात, आणि आम्ही आणलेला प्रवासी तुमच्या बसमध्ये चढेल. जालना रोड सोडा म्हणून नुसते हाकलून दिले तर रिक्षा जाणार नाहीत, त्या थांब्यापासून वीस पावलांवर जाऊन उभ्या राहतील. हे मी धमकी म्हणून लिहीत नाही, रोज पाहतो म्हणून लिहितो.

मोंढेकरी

माझे दुकान मोंढा नाक्याजवळ आहे. प्रत्येक वेळी ‘सुधारणा’ म्हटले की दुकानासमोरची पार्किंगची जागा जाते. थांबा चौकाच्या पलीकडे सरकवला तर तो माझ्या दारात येणार. ग्राहकाने गाडी कोठे लावावी? मराठवाड्यातला ग्राहक मोंढ्यात येतो तो सामान न्यायला येतो, त्याला बसमध्ये पोते घेऊन चढवणार आहात काय?

थांब्यावरचा

@मोंढेकरी, पोत्याचा मुद्दा रास्त आहे आणि पोते नेणाऱ्याने बसने जावे असे कोणी म्हणणार नाही. तरी आकडे पाहू. बारा मीटरची एक बस कडेला नीट लागून पुन्हा बाहेर निघायला पंचवीस-तीस मीटर मोकळी कडा लागते, म्हणजे चार-पाच मोटारींची जागा. त्या जागेत तासाला चार-पाच मोटारी उभ्या राहतात, आणि दर सहा मिनिटांनी बस धरली तर तासाला दहा बस उभ्या राहतात. त्यांतून तुमच्या दारात किती माणसे उतरतील याचा अंदाज आपण व्यापारी असल्याने माझ्यापेक्षा चांगला करू शकाल.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या 1990 च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहन किती मोटारींइतका रस्ता अडवते याचे कोष्टक आहे. बसला 2.2 ते 3.7, रिक्षाला 1.2 ते 2.0 आणि हातगाडीला 2.0 ते 3.0. हा शेवटचा आकडा वाचून मी कोष्टक दोनदा पाहिले. मोंढा नाक्यावरची एक हातगाडी जवळजवळ एका बसइतका रस्ता अडवते. तेव्हा भांडण तुमची पार्किंग आणि माझा थांबा यांतच आहे असे नाही.

चिकलठाणा दुसरी पाळी

मी चिकलठाणा एमआयडीसीत कामाला आहे. या धाग्यात सगळे जण सकाळी दहाच्या प्रवाशाविषयी लिहीत आहेत, म्हणून दुसऱ्या पाळीची बाजू मांडते.

आमची पाळी रात्री साडेअकराला सुटते. कंपनीची गाडी कायम कामगारांना आहे, कंत्राटी बायकांना नाही. आम्ही पाच-सहा जणी मुख्य रस्त्यापर्यंत चालत येतो आणि मुकुंदवाडीकडे जाणारी रिक्षा मिळाली तर ठरवून सगळ्या एकत्र बसतो, कारण एकटीने बसायचे नाही असे घरी सांगितलेले असते. दिवसा दर सहा मिनिटांनी बस असण्यापेक्षा माझ्यासाठी रात्री पावणेबाराची एक बस, जी नक्की येईल, तिची किंमत जास्त आहे. ती एकच बस असावी, पण ती रद्द होऊ नये. आज ती आली आणि उद्या आली नाही तर तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या भरवशावर कामाला येत नाही. पाळी धरणे सोडावे लागलेल्या दोघी जणी मला माहीत आहेत.

दुसरे, बसच्या पायऱ्या. आपल्याकडच्या शहर बसची पातळी 400, 650 किंवा 900 मिलिमीटर अशी असू शकते. 900 ची बस म्हणजे रस्त्यापासून जवळपास कमरेइतकी उंची. साडी नेसलेली, हातात डबा आणि पिशवी असलेली बाई तीन पायऱ्या चढेपर्यंत वाहक घंटी मारतो. कंट्रोलर काका वर म्हणाले की चढायला वेळ लागतो म्हणून बस मागे पडते; तो वेळ माणसांच्या संख्येइतकाच पायरीवरही अवलंबून असतो. नव्या बस घेताना खालच्या पातळीच्या घेतल्या, किंवा निदान थांब्याचा फूटपाथ उंच केला, तर म्हाताऱ्या माणसांचा आणि आमचा त्रास वाचेल आणि तुमची सहा मिनिटेही टिकतील.

निवृत्त कंट्रोलर

ताई, आपला रात्रीच्या बसचा मुद्दा मला आधी सुचायला हवा होता. एसटीत मुक्कामी गाडी असते. ती गावात रात्री उशिरा पोहोचते आणि पहाटे निघते, तिचे भारमान (म्हणजे भरलेल्या जागांचे प्रमाण) कमी असले तरी ती बंद करताना आम्ही दहा वेळा विचार करत असू, कारण तिच्यावर दूधवाला, शाळेतली मुले आणि दवाखान्यात जाणारा रुग्ण अवलंबून असतो. पाळीची बस ही शहरातली मुक्कामी गाडीच आहे. तिचे उत्पन्न प्रति किलोमीटर पाहून तिला बंद करू नये.

पुण्यात राहणारा परभणीकर

वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून थोडे लांबवून लिहितो, क्षमस्व.

जालना रोडचा विषय निघाला की कोणी तरी बीआरटीचे (वेगळ्या मार्गिकेतून धावणाऱ्या जलद बससेवेचे) नाव काढणार, म्हणून आधीच सांगतो. पुण्यात 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका सुरू झाली. रस्त्याच्या मध्यभागी मार्गिका आणि थांबे करायचे तर प्रवाशाला अर्धा रस्ता ओलांडून थांब्यावर जावे लागते, आणि ते ओलांडणे सुरक्षित नसेल तर सगळी व्यवस्था बदनाम होते. मार्गिका सलग नव्हती, पुलांपाशी आणि चौकांत ती तुटत होती, आणि बस जिथे अडकते ते नेमके चौकच असतात. अहमदाबादला 2009 मध्ये जनमार्ग ही बीआरटी सुरू झाली तेव्हा बसची पातळी आणि फलाटाची पातळी एकच ठेवली, तिकीट फलाटावर शिरतानाच घेतले, आणि मार्ग सलग ठेवला. दिल्लीतला आंबेडकरनगर-मूलचंद हा सुमारे सहा किलोमीटरचा मार्ग 2008 मध्ये सुरू होऊन पुढे मोडून टाकण्यात आला. पाच पुलांच्या जालना रोडवर मध्यभागी मार्गिका करणे मला तरी अवघड दिसते. ती प्रत्येक पुलापाशी तुटेल आणि पुण्याचीच चूक पुन्हा होईल.

कडेची मार्गिका, तीही गर्दीच्या चार-पाच तासांपुरती आणि फक्त सर्वाधिक कोंडीच्या भागात, म्हणजे क्रांती चौक ते सिडको चौक, एवढी मात्र करून पाहण्यासारखी आहे. तिने किती फरक पडेल? मूळ धाग्यातला हिशेब पुढे नेतो. वेग पंधरावरून अठरा झाला तर एका बाजूचा वेळ 48 ऐवजी 40 मिनिटे, फेरी 96 मिनिटांची, आणि सहा मिनिटांसाठी 19 ऐवजी 16 बस पुरतात. तीन बस वाचल्या. त्यांतली एक दुसऱ्या पाळीच्या ताईंना देता येते. उलट वेग बारावर आला, आणि सणासुदीला किंवा कर्णपुऱ्याच्या यात्रेत महावीर चौकाच्या बाजूला तो येतोच, तर फेरी 136 मिनिटांची होऊन 23 बस लागतात. बस वाढवणे आणि बसचा वेग वाढवणे ही एकाच पैशाची दोन रूपे आहेत. नवी बस विकत घ्यावी लागते, थांब्यासमोरची उभी वाहने हटवायला मात्र वाहतूक पोलिसांचे दोन कर्मचारी आणि एक टोइंगची गाडी पुरते.

कंत्राटाविषयी एक गोष्ट, कारण ती कोणी वाचत नाही आणि सगळे तिथेच बिघडते. आता बहुतेक शहरांत बस खाजगी कंपनीची असते आणि तिला धावलेल्या किलोमीटरमागे दर मिळतो. तिकिटाचे पैसे शहराकडे जमा होतात. केंद्र सरकारने ऑगस्ट 2023 मध्ये मंजूर केलेली 10,000 ई-बसची योजनाही अशाच पद्धतीची आहे. या पद्धतीत कंपनीला प्रवासी मिळवण्याची घाई नसते, म्हणून चालक एकमेकांशी शर्यत लावत नाहीत, हे चांगले आहे. पण किलोमीटर भरले की पैसे मिळतात, मग दोन बस जोडीने धावल्या काय किंवा सहा मिनिटांच्या अंतराने धावल्या काय, बिल सारखेच. म्हणून कंत्राटात ‘किती किलोमीटर’ याबरोबर ‘दोन बसमधले अंतर किती वेळा बिघडले’ यावरही कपात हवी. जीपीएसच्या नोंदींवरून ती काढता येते. कंट्रोलर काकांचा बस रोखण्याचा अधिकारही कंत्राटातच लिहावा लागेल, कारण चालक आता त्यांच्या खात्याचा नसेल.

एन सात

प्रस्ताव चांगला आहे, परंतु एक शंका आहे. जालना रोडवर एकच सरळ मार्ग केला तर सध्या जे प्रवासी थेट एका बसने औरंगपुऱ्याला किंवा रेल्वे स्टेशनला जातात, त्यांना क्रांती चौकात किंवा महावीर चौकात बस बदलावी लागेल. दुसरे तिकीट, दुसरी वाट पाहणे, आणि उन्हाळ्यात 42 अंशांत पुलाखाली उभे राहणे. आमच्या आईला गुडघ्यांचा त्रास आहे; तिच्यासाठी एक बदल म्हणजे प्रवासच रद्द.

थांब्यावरचा

ही शंका खरी आहे आणि माझ्या प्रस्तावाची ही सर्वांत कच्ची बाजू आहे, हे मान्य करतो. बस बदलणे लोकांना नकोसे वाटते आणि त्यांचे चुकत नाही. दोन गोष्टींशिवाय ते करूच नये. पहिली, तिकीट वेळेचे असावे, बसचे नसावे: एकदा काढले की दीड तासात कोणत्याही बसला चालावे. दुसरी, बदलण्याची जागा एकच ठरवावी आणि तिथे सावली, बाक आणि पाण्याची सोय आधी करावी, मार्ग नंतर बदलावे. क्रांती चौकात हे शक्य आहे, कारण तिथून औरंगपुरा आणि रेल्वे स्टेशन दोन्ही जवळ आहेत. तोवर रेल्वे स्टेशनच्या थेट फेऱ्या सकाळ-संध्याकाळ चालू ठेवाव्यात. आपल्या आईंसाठी मात्र माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. बस जितकी सरळ करावी तितकी ती कोणाच्या तरी घरापासून दूर जाते.

@कोर्टाची पायरी, मधल्या थांब्यांच्या नावांचा फलक आणि वेगळा रंग मूळ प्रस्तावात धरावा. @तीनचाकी, आडव्या मार्गांचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला; एन सात यांच्या शंकेचे थोडेफार उत्तरही त्यातच आहे.

आता महापालिकेकडे निवेदन द्यायचे तर त्यात आपले आकडे असावेत, माझ्या ‘धरू’ने सुरू होणारी वाक्ये असू नयेत. मी असे सुचवतो की ज्यांना शक्य आहे त्यांनी आकाशवाणी चौक, हायकोर्ट, सिडको चौक आणि मुकुंदवाडी या चार थांब्यांवर एकाच आठवड्यात, सकाळी नऊ ते अकरा, दुपारी दोन ते तीन आणि संध्याकाळी पाच ते सात या वेळांत नोंदी कराव्यात. रकाने पुढीलप्रमाणे: बस आल्याची वेळ, कोणत्या मार्गाची, किती चढले, किती उतरले, थांब्यासमोर बस लागू शकली की रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आणि सुटायला किती सेकंद लागले. नगर नाक्याच्या बाजूने कोणी आहे का?

कोर्टाची पायरी

हायकोर्टाचा थांबा माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत दुपारची नोंद करता येईल. सकाळी आमचा शिकाऊ मुलगा बसेल.

मोंढेकरी

दुकानातून मोंढ्याचा थांबा बसल्या जागी दिसतो. लिहून ठेवीन. हातगाड्याही मोजतो, त्यांचेही एकदा होऊन जाऊ द्या.

चिकलठाणा दुसरी पाळी

रात्री साडेअकरा ते बारा या वेळेची नोंद मी करीन. बहुधा कागद कोराच राहील, तोही जोडावा.

निवृत्त कंट्रोलर

सिडको चौक मी घेतो. रकान्यांत एक कमी आहे. आमच्या लॉगशीटमध्ये बसमध्ये चढलेला प्रवासी लिहिला जायचा, न चढलेला कधीच लिहिला गेला नाही, म्हणून साहेबांना वाटायचे की त्या वेळी प्रवासीच नाहीत. थांब्यावर येऊन उभा राहिलेला, रस्त्याकडे पाहत थांबलेला आणि शेवटी रिक्षात बसून गेलेला माणूस वेगळा लिहा. तो किती मिनिटांनी गेला, तेही.